पायाळू लेकीच्या बापाची पाठ

मित्रांनो, आपली पाठ आपल्याला दिसत नाही, असं म्हणतात. खरंच आहे ते, म्हणून तर मला कुणी विचारत नाही. तोंडाला आरसा, पायाला वहाण, डोक्याला पागोटं. आणि मला काय? घाम आणि पोत्याची खरखर. वर आणखी म्हणतात, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका! ही म्हण नक्की कुठल्या तरी पोटानंच काढली असणार.

तर मी एक जुनी पाठ आहे. चुडावा स्टेशनावरच्या आश्रुबा हमालाची. माझी सगळी हयात निजामाच्या राज्यात गेली. आता मी बाजेवर पडून आहे आणि बोलण्यावाचून मला दुसरं काम उरलेलं नाही.

वरून मी एक दिसते, पण आत माझं मोठं खटलं आहे. एकावर एक थर लावून स्नायू बसवलेले आहेत. सगळ्यात वर थोरला. तो डोक्याच्या मागून निघतो, दोन्ही खांद्यांपर्यंत पसरतो आणि निमुळता होत खालच्या बरगड्यांपर्यंत उतरतो, पतंगाच्या आकाराचा. आश्रुबाचं पोतं याच्यावरच टेकायचं. त्याच्या खालून, कमरेपासून थेट बगलेपर्यंत गेलेला, सगळ्यात रुंद भाऊ. तो पुढे दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. विहिरीचा पोहरा ओढावा तर त्याने. या दोघांच्या आड, फरे म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं आणि मणके यांच्या मध्ये, आखूड स्नायू आहेत. ते फरे जागच्या जागी धरून ठेवतात.

पण खरी मेहनत आतल्या थराची. मणक्यांच्या दोन्ही अंगांना दोन लांब दोरखंड आहेत. ते कमरेखालून निघतात आणि मानेपर्यंत जातात. माणूस उभा आहे तो यांच्या जिवावर. तो वाकतो तेव्हा हे त्याला हळूहळू खाली सोडतात आणि उठताना वर ओढून घेतात. त्यांच्याही खाली, मणक्यामणक्याला बांधलेले बारके स्नायू आहेत. मणका मणक्यावर नीट ठेवायचा, एवढंच त्यांचं काम, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, लोण्यासारखा मऊ. पायाच्या अंगठ्याला 'हल' म्हणायचं तर निरोप त्याच्यातूनच जातो. तो निरोप मी नेत नाही. मी त्या वाटेची राखण करते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आश्रुबाचं थोडं कोरडवाहू रान होतं. सुगी संपली की तो स्टेशनावर यायचा. ज्वारीची, भुईमुगाची, सरकीची पोती वाघिणीत चढवायची. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. जमिनीवरून डब्याच्या दारापर्यंत एक फळी टाकलेली असे आणि त्या फळीवरून पोतं घेऊन चढायचं. आमच्यासारखी पाठ साऱ्या स्टेशनात नव्हती, हे मी उगीच फुशारकीनं सांगत नाही. आश्रुबाचा जोडीदार सटवाजी मला थापटी मारून म्हणायचा, "आश्रुबाच्या पाठीवर बैल बसला तर बैलच दमंल!" ते ऐकलं की थोरला स्नायू नुसता फुगायचा. खोटं कशाला बोलू, मलाही लय बरं वाटायचं.

आता पारूचं सांगते. पारू आश्रुबाची लेक. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, म्हणून ती पायाळू. आमच्याकडे असं मानतात की कुणाला उसण भरली, पाठ धरली, तर पायाळू माणसानं लाथ मारावी, उसण पळते. पायाळूवर वीज पडते म्हणून पावसाळ्यात वीज चमकली की त्याला घरात कोंडतात, पण उसण भरली की त्यालाच हाका मारतात. आमच्या दारात सकाळपासून वाकडी झालेली माणसं यायची. उंबऱ्यावर पालथी पडायची, पारू चौकट धरून उभी राहायची आणि हलकेच टाच मारायची. मला विचाराल तर उसण म्हणजे आखडलेला स्नायू. दोन-चार दिवसांत तो आपला आपण सैल होतो. पण नाव व्हायचं पारूचं. आश्रुबा ओट्यावर बसून कौतुकानं बघायचा. लेकीचा त्याला केवढा अभिमान!

पुढे लेव्हीच्या ज्वारीचे दिवस आले. सरकार गावोगावचं धान्य उचलायचं आणि स्टेशनावर पोत्यांचे ढीग लागायचे. त्या दिवशी फळी सकाळपासूनच हलत होती. दुपारी आश्रुबा पोतं घेऊन निम्म्यात आला आणि फळी डब्याच्या दारावरून निसटली. तो खडीवर बसका आदळला आणि त्याच्यावर पोतं.

माझा कमरेजवळचा एक मणका फुटला.

हे मला कळलं, दुसऱ्या कुणालाच नाही. आणि मित्रांनो, त्या घटकेला माझ्या घरच्या सगळ्यांनी काय केलं ते ऐका. बारके, लांब, रुंद, थोरला, सगळेच्या सगळे ताठ झाले. ते फुटलेल्या मणक्याभोवती लाकडासारखे कडक होऊन बसले, का तर तो सरकू नये आणि आतली मऊ दोरी चेंगरू नये. एरवी एकमेकांवर कुरकुरणारे माझे लोक त्या दिवशी एकजीव झाले होते. दुखत होतं म्हणजे किती! पण वाट शाबूत होती. आश्रुबाच्या पायाची बोटं हलत होती.

स्टेशनातले बाबू म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं परभणीच्या दवाखान्यात न्या याला."

सटवाजी म्हणाला, "दवाखाना कशाला, साहेब? याच्या घरात पायाळू लेक हाय. उसण भरलीय नुसती. पाठ बघा की, कशी लाकूड झाली!"

माझा ताठपणा पाहून ते उसण म्हणाले. मी ज्या गोष्टीनं त्याला वाचवत होते, तीच त्यांना आजार वाटली. आणि आश्रुबानंसुद्धा दात आवळून हेच सांगितलं, "घरी चला. मही पारू हाय."

बैलगाडीतून घरी आणलं. पारू धावत आली आणि बापाचा चेहरा पाहून रडायलाच लागली. आश्रुबानं तिला पायाचा अंगठा हलवून दाखवला. "हे बघ, हलतोय का न्हाई? मग रडायलीस कामून?"

त्याला उंबऱ्यावर पालथा घातला. ते पालथं घालतानाच माझा जीव गेला होता, पण माझे लोक सुटले नाहीत. पारूनं पाय माझ्यावर टेकवला आणि तसाच मागं घेतला.

"आबा, ही उसण न्हाई. उसणीची पाठ एका जागी गोळा व्हती. ही सगळीच ताठ झालीय. मी न्हाई मारायची."

तिची माय तानुबाई कळवळून म्हणाली, "अगं मार की गं बाई, किती कण्हायलेत ते!" शेजारची म्हातारी धुरपताबाई म्हणाली, "बापाची पाठ हाय म्हणून भ्यायलीस व्हय? देवानं तुला गुण कशाला दिलाय?"

पारू हलेना. तेव्हा आश्रुबा खालूनच बोलला, "मार पोरी. साऱ्या गावाच्या बापाला बरं केलंस, तुह्याच बापानं काय घोडं मारलंय?" आणि दुखत असताना हसला.

त्या हसण्यानं तिचा धीर वाढला. तिनं डोळे मिटले आणि टाच मारली.

मला ओरडता आलं असतं तर! पण पाठीला तोंड नाही. माझे लोक सुटले, मणका आत सरकला आणि वाट बंद झाली. आश्रुबाच्या पायात उतरणारी कळ एकदम थांबली. "आरं वा," तो म्हणाला, "पाय कसे हलके झाले. गुण आला बघा!"

धुरपताबाईनं पारूवरून बोटं मोडली. सटवाजीनं मांडीवर थाप मारली. घरात आनंदी आनंद झाला. "उठ आता, आश्रुबा," सटवाजी म्हणाला. आश्रुबानं हात टेकले, छाती उचलली. कमरेखालचं काहीच उठलं नाही.

मग नेला परभणीला. डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचली. आश्रुबा छताकडे बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर पाय हलत होते का?"

पारू जवळच उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आधी आश्रुबा बोलला, "न्हाई साहेब. पाय टेशनावरच गेले व्हते."

पारूनं अंगठा हलताना पाहिला होता. आश्रुबाला ते ठाऊक होतं. तरीही तो तिला रोज हेच सांगतो, आणि ती मान डोलावते.

त्या दिवसानंतर पारूनं कुणाला पाय लावला नाही. लोक उंबऱ्याशी येऊन बसले की ती आत निघून जायची. हळूहळू लोक यायचे थांबले. सोयरीक आली तर ती म्हणाली, "आबाला कुशीवर कोण वळवील?" आता ती त्याला वळवते, माझ्या जखमा धुते, तेल लावते. थोरल्या स्नायूला अजून हुकूम पोचतात, पण त्याला उचलायला काही नाही, म्हणून तो वाळून गेला. खालचे दोरखंड तर नुसते सुतळी होऊन पडले आहेत. माझी हाडं कातडीतून वर आली आहेत. मी आता बरी होणार नाही, हे मला कळतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी झाडावरून, माळवदावरून, गाडीवरून पाठीवर पडलं, तर त्याला उठवू नका, वळवू नका, त्याच्या पाठीला हात-पाय लावू नका. चार जणांनी मिळून, पाठ-मान जराही न वाकवता, फळीवर सपाट, सरळ ठेवा आणि दवाखान्यात न्या. पाठ ताठ झाली असेल तर समजा, आत कुणीतरी काहीतरी जिवाच्या आकांतानं धरून बसलंय. त्याला सोडवू नका. मी हे त्या दिवशी सांगू शकले नाही.

परवा निजामाचं राज्य गेलं. गावात हलगी वाजली, माणसं झेंडा घेऊन फिरली. सटवाजी गूळ घेऊन आला, आश्रुबाच्या हातावर ठेवला आणि लगेच निघून गेला. त्याला इथे फार वेळ बसवत नाही. पारू पायथ्याशी बसून बापाच्या तळव्यांना तेल चोळत होती. चोळता चोळता ती अंगठ्याकडे बघत राहते. रोजच बघते.

आश्रुबानं ते पाहिलं. म्हणाला, "पारू, आज जरा हलल्यावानी वाटलं गं."

पारूनं तेलाचा हात थांबवला. म्हणाली, "व्हय आबा. हलला. मी बघितला की."

दोघंही हसली. बाहेर हलगी वाजतच होती.

मित्रांनो, अंगठा हलला नव्हता.