न सुटलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. तुमच्या पाठीवर असतात तशी रंगीत आणि चकचकीत नाही. मी ताडपत्रीची आहे, खाकी रंगाची, एका खांद्याला अडकवायची. मुळशी तालुक्यातल्या भरे गावात, इंदूबाईंच्या घरी, आतल्या खोलीतल्या खिळ्यावर मी टांगलेली असते. गेली तीन वर्षे मला कोणी बाहेर नेलेले नाही. घरातली माणसे माझ्याकडे बघायचे टाळतात. बघितलेच तर पटकन नजर वळवतात. असे का, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म पिरंगुटला झाला. नाक्याजवळ वाल्मीक नावाचे कारागीर ट्रकच्या ताडपत्र्या आणि जीपची सीटकव्हरे शिवत. एका पावसाळ्यात इंदूबाईंचे यजमान जयवंतराव त्यांच्या दुकानात आले. ते जवळच्याच एका कंपनीत मशीनवर काम करत. त्यांची कापडी पिशवी भिजून डब्यात पाणी शिरले होते. वाल्मीकनी उरलेल्या ताडपत्रीचा तुकडा घेतला, दुहेरी शिवण घातली आणि एका मोडक्या जीपचा सीटबेल्ट कापून मला पट्टा लावला.

"दादा, ह्यो पट्टा काय तुटायचा न्हाई बगा," ते म्हणाले. "गाडी वडली तरी तुटायचा न्हाई."

मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला होता. आता ते आठवले की माझ्या शिवणी आखडतात.

त्यानंतर एकोणीस वर्षे मी जयवंतरावांच्या खांद्यावर होते. सकाळी साडेसहाला भरे फाट्यावर कंपनीची बस हॉर्न वाजवायची. त्याआधी इंदूबाई माझ्यात डबा ठेवायच्या, पाण्याची बाटली ठेवायच्या आणि थंडीत स्वेटर. बसमध्ये जयवंतराव खिडकीशी बसून डुलकी काढायचे. मी मांडीवरून घसरू नये म्हणून ते माझा पट्टा उजव्या हाताला एक वेढा देऊन मुठीत धरायचे. ती त्यांची सवय होती. झोपेतसुद्धा मूठ सुटायची नाही. बुद्ध पौर्णिमेला विहारात जाताना, लेक वृषालीला शाळेत घालताना, तिच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची कागदे पुण्याला नेताना, मीच बरोबर होते. कंपनीतले लोक म्हणायचे, "जयवंतराव, बॅग बदला आता." ते हसून म्हणायचे, "ही मला पुरून उरंल."

ते खरे झाले, मित्रांनो. तसे व्हायला नको होते.

जयवंतराव निवृत्त झाले त्या वर्षी वृषालीला चांगली नोकरी होती. ती भुकूमला नव्या सोसायटीत भाड्याने राहायची आणि रविवारी स्कूटरवर भरेला यायची. एका रविवारी ती म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही दोघांनी आयुष्यात समुद्र नीट बघितला नाही. मी तिकिटे काढली आहेत. पाच दिवस जाऊ."

त्या शहराचे नाव मी सांगणार नाही. तिथे मला चांगली माणसेही भेटली आणि त्यांना बोल लागावा असे मला वाटत नाही. शहर मोठे होते, समुद्राकाठी होते, देशोदेशीचे लोक तिथे फिरायला येत. संध्याकाळी रस्त्यावर वाद्ये वाजत, भाजलेल्या कणसांचा धूर येई आणि लोक अनोळखी माणसांबरोबर नाचत. आणि त्याच गर्दीत रोज कोणाची तरी साखळी जाई, कोणाचा मोबाईल जाई. वृषालीने हे सगळे आधी वाचून ठेवले होते.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने दोघांना समोर बसवले. "कागदपत्रांच्या झेरॉक्स बरोबर ठेवायच्या, मूळ कागद खोलीवर. मोबाईल रस्त्यात बाहेर काढायचा नाही. कोणी फार गोड बोलून कुठे नेऊ लागला तर जायचे नाही. आई, सोनं घरी ठेव. आणि बाबा, सगळ्यात महत्त्वाचं. कोणी ओढलं तर सोडून द्यायचं. भांडायचं नाही, मागे पळायचं नाही."

"माज्या ताडपत्रीच्या बॅगेला कोन हात लावतुया?" जयवंतराव म्हणाले.

"बाबा, मी थट्टा करत नाही. सोडून द्यायचं. म्हणा."

"बरं बाई. सोडून द्यायचं."

इंदूबाई सोन्याचाच विचार करत होत्या. त्यांच्याकडे एक बोरमाळ होती. लग्नानंतर नवव्या वर्षी जयवंतरावांनी ओव्हरटाइम करून ती घडवली होती आणि ती वृषालीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायची, असे इंदूबाईंनी मनाशी ठरवले होते. पाच दिवस कुलूपबंद घरात ती ठेवायला त्यांचे मन धजावेना. त्यांनी ती औषधाच्या रिकाम्या डबीत घातली आणि साडीच्या घड्यांत लपवून नेली. वृषालीला सांगितले नाही. जयवंतरावांनाही नाही.

हॉटेलच्या काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्या रोज आपुलकीने चौकशी करत. चौथ्या दिवशी संध्याकाळी वृषालीला ऑफिसचा कॉल आला म्हणून ती खोलीवर थांबली आणि हे दोघेच फिरायला निघाले. तेव्हा त्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

"भाईसाब, बॅग रास्ते की तरफ मत रखना," त्या म्हणाल्या. "अंदर की तरफ. और पट्टा हाथ में मत लपेटना. कुछ कीमती हो तो यहाँ लॉकर है, रसीद मिलेगी."

जयवंतरावांनी मान हलवली आणि मला दुसऱ्या खांद्यावर घेतले. इंदूबाईंचा हात क्षणभर माझ्या चेनवर थांबला. मला वाटले, आता त्या डबी काढून देतील. त्यांनी दिली नाही. परक्या ठिकाणच्या लॉकरवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि वृषालीला कळेल ही भीती होती. खोलीत ती सोडून जायचा धीर होईना, म्हणून दुपारीच, जयवंतराव झोपले असताना, त्यांनी ती डबी माझ्या तळाशी, नॅपकिनखाली सरकवली होती.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. ऊन अजून होते. समुद्राकडेच्या फुटपाथवर दोघे हळूहळू चालले होते. जयवंतराव खुशीत होते. एका ठिकाणी मुलांचा घोळका ढोल वाजवत होता. ते ऐकायला दोघे थांबले. गर्दीत सरकता सरकता जयवंतराव रस्त्याच्या कडेला आले आणि मी रस्त्याच्या बाजूला गेले. नकळत त्यांच्या उजव्या हाताने माझ्या पट्ट्याला वेढा दिला. एकोणीस वर्षांची सवय होती ती.

मोटारसायकलचा आवाज मला ढोलामुळे ऐकू आला नाही. एकदम हिसका बसला. मागे बसलेल्याने मला धरले होते.

मित्रांनो, आता जे सांगते ते त्या वेळी फक्त मला आणि आणखी एका माणसाला ठाऊक होते. जयवंतराव दोन पावले ओढले गेले, आणि त्यांची मूठ सैल झाली. मला ती जाणवली. वेढा उलगडू लागला होता. त्यांना लेकीचे बोलणे आठवले असेल. अजून एक क्षण गेला असता तर मी त्या माणसाच्या हातात गेले असते आणि जयवंतराव फुटपाथवर उभे राहिले असते.

तेवढ्यात इंदूबाई म्हणाल्या, "अवो, सोडू नका."

मूठ घट्ट मिटली.

पट्टा तुटला नाही. वाल्मीकनी खोटे सांगितले नव्हते. जयवंतराव पडले, बरेच अंतर फरपटत गेले आणि त्यांचे डोके फुटपाथच्या दगडी कडेवर आपटले. मग त्या माणसाने मला सोडून दिले. मोटारसायकल निघून गेली. ढोल थांबले. लोक धावत आले, कोणी पाणी आणले, कोणी आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेले. गाडीतसुद्धा माझा पट्टा त्यांच्या मुठीत होता. नर्सने एकेक बोट उलगडून मला काढले.

तिसऱ्या दिवशी जयवंतराव गेले.

पोलिसांनी माझी चेन उघडून आतल्या वस्तू टेबलावर मांडल्या. पाण्याची बाटली, रक्तदाबाच्या गोळ्या, झेरॉक्स, नॅपकिन, आणि औषधाची डबी. डबी इंदूबाईंनी चटकन उचलून घेतली. वृषालीला वाटले, गोळ्या असतील.

भरेला पुण्यानुमोदनाला, म्हणजे जयवंतरावांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, सगळे गाव आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसे ओट्यावर बसून एकमेकांना सांगत होती, "जयवंतराव लई हट्टी मानूस. साद्या बॅगेपायी जीव घालवला." वृषाली तेच म्हणायची, "मी त्यांना बजावलं होतं, आई. त्यांनी माझं ऐकलं नाही." आणि इंदूबाई खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. मी खिळ्यावरून ऐकायचे. मला तोंड असते तर मी म्हणाले असते, की ते हट्टी नव्हते. त्यांनी सोडले होते.

तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच राहतो, असे म्हटले तरी चालेल. सकाळी साडेसहाला फाट्यावर अजून कंपनीची बस हॉर्न वाजवते. इंदूबाई चुलीपुढे थबकतात. माझ्या पट्ट्यावर तेव्हा पकड बसते. तुम्ही हसाल, पण मला ती खरोखर जाणवते. चार बोटे आणि अंगठा. मग तीच पकड थोडी सैल होते. आणि मग तो 'सोडू नका'चा आवाज. रोज तेवढेच, त्याच क्रमाने. एकदा इंदूबाईंनी मला धुवायला काढले. पट्ट्यावर काळपट डाग होता. त्यांनी साबण लावला आणि तशाच बसून राहिल्या. पाणी गार झाले तेव्हा त्यांनी मला न घासताच पुन्हा टांगले. "तुला ठावं हाय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. एवढेच.

यंदा मार्चमधली गोष्ट. शेजारची सृष्टी, कॉलेजात शिकणारी मुलगी, निरोप घ्यायला आली. ती तीन मैत्रिणींबरोबर त्याच शहरात निघाली होती. रविवार असल्यामुळे वृषालीही घरी होती.

"काकू, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगायला भीत होते," सृष्टी म्हणाली. "पण आम्ही नीट काळजी घेऊ. जयवंतकाकांसारखा हट्ट करणार नाही."

"बाबांनी तेवढं ऐकलं असतं तर," वृषाली म्हणाली.

इंदूबाई उठल्या. कपाटातून त्यांनी औषधाची डबी आणली आणि झाकण काढून वृषालीपुढे ठेवली. बोरमाळ अजून तिच्यातच होती.

"ही त्या बॅगेत हुती," त्या म्हणाल्या. "त्येन्ला ठावं नव्हतं. त्ये सोडत हुते, वृषाली. मी बगितलं. मीच म्हनले, सोडू नका."

सृष्टी हळूच उठून उंबऱ्याजवळ गेली. वृषालीने बोरमाळेला हात लावला नाही. ती बाहेर गेली आणि स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. चहा तसाच राहिला.

अकरा दिवस तिचा फोन आला नाही. त्या दिवसांत इंदूबाई जेवल्या की नाही हे मी नीट सांगू शकत नाही. ताटाचा आवाज मी फारसा ऐकला नाही. त्या माझ्यासमोर भिंतीला टेकून बसत आणि ओठ हलवत. माझ्या पट्ट्यावरची पकड मात्र त्या दिवसांत दर सकाळी आणखी घट्ट होत गेली.

बाराव्या दिवशी वृषाली आली. आईशेजारी जमिनीवर बसली.

"मी फार रागावले होते," ती म्हणाली. "अजून आहे थोडी. पण मी तिथे असते तर काय ओरडले असते, हे मला सांगता येत नाही, आई. रोज रात्री हाच विचार केला. त्या वेळी तोंडातून काय जाईल ते कोणालाच ठाऊक नसतं."

"तुझ्या बापानं ऐकलं हुतं तुझं," इंदूबाई म्हणाल्या. "येवडं ध्येनात ठेव."

तेव्हा वृषाली रडली. तीन वर्षांत मी तिला रडताना प्रथमच पाहिले.

निरोप घ्यायला आली त्या दिवशी सृष्टीने सगळे ऐकले होते. तिने मैत्रिणींना ते जसेच्या तसे सांगितले. चौघींनी गाडीतच ठरवून टाकले, की कोणाचीही वस्तू कोणी ओढली तर बाकीच्या तिघींनी एकच शब्द ओरडायचा. त्यांनी तो शब्द डब्यात बसून दहा-दहा वेळा म्हणून पाहिला. शेजारचे प्रवासी हसले म्हणे.

परत आल्यावर सृष्टी थेट आमच्याकडे आली. कोपरावर खरचटले होते, डोळे लाल होते. बाजारात भर दुपारी तिचा नवा मोबाईल गेला होता.

"मी सोडणार नव्हते, काकू," ती हुंदके देत म्हणाली. "त्यात सगळे फोटो होते. पण तिघी एकदम ओरडल्या, 'सोड'. आणि माझा हात आपोआप उघडला."

इंदूबाईंनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. बोलता बोलता तिची मूठ पुन्हा मिटली होती. त्यांनी एकेक बोट उलगडले, तळवा सपाट केला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. कितीतरी वेळ त्या तो हात नुसता धरून बसल्या. तो रिकामा होता, आणि गरम होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नेहमी तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, टाकू नका, विसरू नका. माझी विनवणी वेगळी आहे. फिरायला जा. समुद्र बघा, ढोल ऐका. सोने घरी ठेवा, बॅग रस्त्याच्या आतल्या बाजूला धरा, तिथल्या माणसांनी सांगितलेले ऐका. आणि जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तो एक शब्द ठरवा, म्हणजे ऐनवेळी कोणाच्याही तोंडून दुसरा शब्द जाणार नाही. आम्ही गेलो तर जाऊ द्या. वाल्मीकांसारखी माणसे आम्हाला पुन्हा शिवतील.

तुम्ही तेवढे घरी या.