राहिलेलं आवतण

रोह्यात प्रतिक्षाच्या घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी फ्रिज बंद, मग पंखा बंद आणि शेवटी नवरा बंद. सुशील शिफ्ट संपवून आला की पाठ टेकायच्या आधीच घोरायला लागायचा. त्याला शेजारी झोपायला पाठवलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. कंपनीने भंगारात काढलेला कॉम्प्युटर तिने व्हिडिओ बघून बघून रेकॉर्डिंगसाठी उभा केला होता. हा सगळा खटाटोप सगुणाआत्यासाठी.

आत्या गडब गावची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले तिच्या तोंडात. कागदावर एक ओळ नाही. सोमवारी ती गळ्यातली गाठ काढायला मुंबईला जाणार होती. आवाज राहीलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच म्हणून ठेवलं होतं. आज शुक्रवार.

बुधवारी आत्या गायली होती, पण रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून टिक, टिक. दोन दिवस ऐकून प्रतिक्षाने निकाल दिला, बांगड्या. आत्या गाताना मांडीवर ताल धरते, दोन्ही हातांत हिरवा चुडा. दुसरं काय असणार?

"आत्या, तेवढ्या बांगड्या काढून ठेव गो," माइक सरकवत ती म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. आणि ही सरळ काढायला सांगत होती. तेही आत्याला, जिचा नवरा, पुंडलिक, सहा महिने खाटेला खिळलेला.

"आमचं म्हातारं अजून श्वास घेतंय," आत्या म्हणाली. "तुला कसली घाई झाली?"

"तसं नाय गो. बांगड्यांचा आवाज येतो. रुमाल बांधू या का वरून?"

"हात बांधून धवला गाऊ? मी काय चोर हाय?"

मग तिने हातांकडे बघितलं. "साबण आण," म्हणाली.

एकेक निघाली. शेवटची अडकली, आणि ओढताना कडकन दोन तुकडे झाले. आत्याच म्हणाली, "वाढवली." तुकडे तिने पदराच्या टोकाला बांधले आणि धवला सुरू केला.

हा आवतणाचा धवला. लग्नाचं आवतण आधी माणसांना नाही. खाडीला, बांधाला, मिठाला, भाताच्या पेंढीला, एकेकाचं नाव घेऊन. आत्याने आज ताल धरला नाही. मोकळे हात कुठं ठेवायचे तेच तिला सुचत नव्हतं.

संपल्यावर प्रतिक्षाने लावून ऐकवलं.

टिक. थोड्या वेळाने परत, टिक.

"ही कोणाची बांगडी?" आत्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती चपला घालून एसटी स्टँडकडे चालू लागली.

शनिवारभर प्रतिक्षा कॉम्प्युटरच्या मागे लागली. वायफाय तोडलं, टिक होतीच. आपोआप होणारे अपडेट थांबवले, तरी होतीच. मग वीज वाचवायची सेटिंग सापडली. गडी मधूनमधून डुलकी काढत होता, आणि तेवढ्यात आलेला आवाज सांडत होता. ती सेटिंग बंद केली. आवाज तात्पुरता साठवायची जागा, ज्याला बफर म्हणतात, ती वाढवली. मग माइकसमोर दोन ते तीस पाढे म्हटले. एकही टिक नाही. पाढे मात्र दोन ठिकाणी चुकले.

आणि बुधवारीच कळायला हवं होतं ते आत्ता कळलं. बांगडी वाजली तर आवाजात भर पडते. इथे आवाज कमी होत होता. टिक झाली की शब्दाचा लचका गेलेला. दोन दिवस तिने टिकच ऐकली होती. आत्याला ऐकलंच नव्हतं.

रविवारी तिने फोन लावला. "आत्या, कॉम्प्युटर बरा झाला. तू येऊ नको, मीच घेऊन येते गडबला."

"बरा झाला? चांगलं झालं. मी आत्ताच पेणला जाऊन नवा चुडा भरून आलेय. आता कोणासाठी काढायची नाय."

"काढू नको गो! बांगड्यांचा दोषच नव्हता."

"तेच तर," म्हणून आत्याने फोन ठेवला.

रेकॉर्डिंग राहिलं ते राहिलंच. ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला, राहिली नुसती हवा. महिन्याभराने प्रतिक्षा वही घेऊन गडबला गेली. शुक्रवारची भोकं तिने बुधवारच्या रेकॉर्डिंगने बुजवली होती, पण एका ठिकाणी दोन्हींत खड्डा होता. मिठानंतर कोणाला आवतण?

आत्याने तिला जवळ बोलावलं. "बोलून येत नाय गो," ती कुजबुजली. "गाताना येतं."

"मी गाते. तू पुढचं सांग."

प्रतिक्षाचा गळा म्हणजे रिकामी बादली ओढत न्यावी तसा. तरी गायली. मिठापर्यंत आली आणि थांबली. आत्याचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, वारा तेवढा आला. परत गायली. परत वारा.

तिसऱ्यांदा खाटेवरून पुंडलिक खेकसला, "कोण मेलं मधेच तोडतंय? गा तरी, नायतर गप ऱ्हा!"

प्रतिक्षाने वहीत मीठ लिहिलं, एक ओळ कोरी सोडली, खाली भाताची पेंढी लिहिली. आत्याला वाचता येत नव्हतं, पण कोरी ओळ तिला दिसली. तिने वही मिटली आणि प्रतिक्षाच्या हातात देऊन तोंड भिंतीकडे केलं.