फक्कीची रेघ

“म्हंजी आधी पळायचं, आन् त्यात पास झालं तर परत पळायचं व्हय?” जलाल मुलाणीने विचारलं.

“व्हय चाचा. सकाळी सगळ्यांची येक-येक फेरी. त्यातले बारा जन दुपारी फायनलला. बाकीच्यांनी बसून बगायचं,” गोरख म्हणाला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती, काखेत वही होती आणि बोलता बोलता तो तिसऱ्यालाच पाण्याचा टँकर कुठं लावायचा ते हाताने सांगत होता. मार्गासनीच्या ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स स्पर्धेचा सगळा डोलारा ह्या एकट्याच्या डोक्यावर होता आणि तो खरंच राबत होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर उगाच डूख धराल.

आजवर स्पर्धेची रीत सोपी होती. चिठ्ठ्या टाकायच्या आणि नंबर येईल तसं प्रत्येकाने एकदाच उतरायचं. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या दोन पांढऱ्या रेघांमधून दोनशे फूट ट्रॉली उलटी न्यायची. रेघेला चाक न लावता जो जाईल तो वर, आणि बरोबरी झाली तरच घड्याळ बघायचं. पण गेल्या साली चाळीस ट्रॅक्टर आले. निम्मे उरकेपर्यंत दिवस कलला, पाहुणेमंडळी जांभया देत उठून गेली आणि शेवटच्या दहा जणांची फेरी त्यांच्या बायकापोरांनीच काय ती पाहिली. म्हणून यंदा सकाळी चाळणी. चाळणीत घड्याळ मोठं. रेघेला चाक लागलं तर वेळेत पाच सेकंद वाढवायचे, बाकी माफ.

“गोरख, अण्णा चार वाजता येनार हायती,” जलाल हळूच म्हणाला.

“सावळाराम अण्णा? घराभाईर?”

“दोन सालानं. माजी ट्रॉली बगायची म्हनून तयार झालेत. तवा दुपारी म्या मैदानात पायजे.”

“मग व्हा की पास, चाचा. तुमाला काय अवगड हाय?” गोरखने हे मनापासून म्हटलं. अवघड काय होतं ते जलालला ठाऊक होतं. तो सरळ जायचा, पण सावकाश जायचा.

त्या सावकाशीला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी जलाल भोरहून सावळाराम अण्णांकडे कामाला आला, तेव्हा त्याला ट्रॅक्टर पुढं नेता येत होता, मागं नेता येत नव्हता. ट्रॉली जोडली की सगळंच उफराटं. स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं तर ट्रॉली डावीकडे जाते. अण्णा रोज सकाळी खळ्यात मागं उभे राहायचे आणि हाताने दाखवायचे. ज्या बाजूचा हात उचलला त्या बाजूला ट्रॉली, तळवा पुढं धरला की थांब. पाचव्या दिवशी जलालने घाबरून उलटं स्टेअरिंग मारलं आणि ट्रॉलीचं चाक अण्णांच्या उजव्या पायावर गेलं. दोन बोटं मोडली.

जलालने त्याच दिवशी आपलं गाठोडं बांधलं होतं. अण्णा लंगडत त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, “घरात म्या दगड पडला म्हनून सांगितलंय. तुज्या तोंडातनं दुसरं कायबी येऊ नये. उद्या सकाळी खळ्यात ये.” दुसऱ्या दिवशी पायाला फडकं बांधून अण्णा पुन्हा ट्रॉलीच्या मागंच उभे राहिले. बाजूला नाही, मागंच.

ह्या एका गोष्टीवर जलालचा संसार उभा राहिला. सारोळ्याची खुर्शिदा लग्न होऊन त्याच्या घरात आली, मुलगी मदिहा शिकली, नर्स झाली. त्याच्या ओंजळीत जे काही होतं ते त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळीतून आलेलं होतं, असं तो मनात धरून होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंतर तीस वर्षांत त्याच्या ट्रॉलीने कशालाही घासलं नाही. स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा रेघांच्या शेवटाला अण्णा उभे असायचेच. मग दोन वर्षांमागं पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि हा गावभर फिरणारा माणूस उंबऱ्याच्या आत बसला. बाहेर न्यायचं म्हटलं की मान फिरवायचा. यंदा जलालने स्पर्धेचं नाव काढलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान हलवली होती.

सकाळच्या फेरीत चिठ्ठीने जलालचा नंबर शेवटचा आला. लोक म्हणाले, नशीबवान आहे गडी, किती वेळात जायचं ते आधीच कळलं. तोवर बाराव्या नंबरावर असलेल्या गाडीची वेळ होती एक मिनिट चाळीस सेकंद.

जलाल मान मागं वळवून बसला आणि क्लच सोडला. आज त्याने जरा जोर धरला होता. अण्णांचा लाल ट्रॅक्टर जुना असला तरी जोडीदारासारखा ऐकायचा. शंभर फूट झकास गेले. पण भाताचं खाचर ते, आधीच्या गाड्यांनी त्यात चाकोऱ्या पाडल्या होत्या. एका चाकोरीत ट्रॉलीचं उजवं चाक उतरलं आणि रेघेकडे ओढ घेऊ लागलं.

“जाऊ दे चाचा, जाऊ दे!” कोणीतरी ओरडलं. हिशेब उघड होता. रेघ पुसली तर पाच सेकंद. थांबून, हातभर पुढं येऊन ट्रॉली सरळ करायची तर सात तरी जाणार. जलालला हे कळत होतं. पण रेघ आणि चाक यांच्यात वीतभर अंतर राहिलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याला तिथं फक्की दिसतच नव्हती, अण्णांचा पाय दिसत होता.

त्याने ट्रॉली सरळ केली आणि शेवटपर्यंत नेली. लाउडस्पीकरवर आवाज आला, “एक मिनिट एक्केचाळीस सेकंद. रेघ शाबूत. नंबर तेरावा.”

तीन वाजून गेल्यावर गोरख स्वतः चहा घेऊन आला. त्याचं तोंड उतरलं होतं. “चाचा, जुन्या रीतीनं तुमी पयल्या तिघांत असता. तेरावा घेतो म्या फायनलला. कोन काय बोलतंय बगू.”

“आन् चवदाव्यानं काय घोडं मारलंय?” जलाल म्हणाला. “न्हाई बाबा. रीत समद्यांना येकच पायजे. तू ठरवलंस त्ये बरोबर हाय. फकस्त अण्णांना आता आनू नका म्हनून सांगतो.”

त्याने अण्णांच्या घरच्या मोबाइलवर फोन लावला. अण्णांच्या बायकोने, ठकुबाईने उचलला. “अरं, काय आनू नका? सकाळधरनं टोपी घालून बसलेत. जेवले बी न्हाईत नीट. आमी रिक्षात बसलोय.” आणि फोन ठेवून दिला.

रिक्षा डांबरी रस्त्यापाशी येऊन थांबली तेव्हा पावणेचार झाले होते. रस्त्यापासून मैदानापर्यंत दोन बांधांमधली गाडीवाट होती, जेमतेम ट्रॉलीपुरती. आत गर्दीमुळे वळायला जागा नाही, म्हणून आत जायचं तर उलटंच जायचं, म्हणजे निघताना तोंड बाहेर राहतं. ढेकळांतून अण्णांची चाकाची खुर्ची ढकलणं शक्य नव्हतं. जलाल पुढं झाला. अण्णांच्या पायाशी बसून म्हणाला, “अण्णा, म्या तेरावा आलो. बाराच घेत्यात. तुमाला उगाच तरास दिला.”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फेरीनंतर रस्त्याकडेला ट्रॉलीसकट आणून लावलेल्या लाल ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून गाडीवाटेकडे दाखवलं.

दोघा-तिघांनी मिळून खुर्ची ट्रॉलीत चढवली, दोराने बांधली. ठकुबाई शेजारी खुर्ची धरून बसली. अण्णांनी खुणेने खुर्ची तिरकी करायला लावली, म्हणजे मागची वाटही दिसेल आणि जलालही. जलालने मान वळवली. उलटं चालवणाऱ्याला सारखं मागं बघावंच लागतं, आणि मागं अण्णा होते.

वाट जिथं वाकडी होत होती तिथं अण्णांचा डावा हात वर गेला. जलालने ट्रॉली डावीकडे घेतली. पुढं उजवीकडचं वळण आलं. अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला. जलालच्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि स्टेअरिंग अलगद फिरवलं. दोन्ही बांध हातहातभर अंतरावरून मागं सरकत राहिले. घड्याळ कोणी लावलं नव्हतं, आणि बघायलाही कोणी नव्हतं, कारण सगळं गाव फायनलच्या दोरीपाशी दाटीने उभं होतं.

मैदानाच्या तोंडाशी अण्णांनी तळवा पुढं धरला. जलाल थांबला.

तो खाली उतरून ट्रॉलीत चढला. अण्णांच्या उजव्या पायातली वहाण हिसक्याने निसटून पडली होती. त्यांना ते कळलंच नव्हतं. जलाल गुडघ्यावर बसला आणि त्याने तो पाय हातात घेतला.

“दगड पडला म्हनून सांगितलं व्हतं ह्यांनी,” ठकुबाई सहज म्हणाली. “फडकं म्याच बांधलं. दगडाला कुठं टायरची नक्षी असती व्हय?”

जलालने वर पाहिलं. “मग कदी बोलला न्हाईत, वैनी?”

“काय बोलायचं? ह्यांनी तुला ठेवून घेतलं व्हतं न्हवं?”

जलालने वहाण उचलली. वहाणेचा पट्टा त्या दोन वाकड्या बोटांवरून जाईना. त्याने तो जरा सैल केला, एकेक बोट आत घातलं आणि पाय खुर्चीच्या पाय टेकायच्या फळीवर सरळ ठेवला. पलीकडे गोरखने फायनलची शिट्टी दिली, आणि अण्णा बघायला लागले.