शून्य गोचीड

वस्तीतले लोक त्याला उंदीरमामा म्हणत आणि तोही मुकाट्यानं ओ देई. रागावून करतो काय? कामच तसलं. संध्याकाळी रानात पिंजरे लावायचे, दिवस उजाडायच्या आत उचलायचे, एकेक रानउंदीर पांढऱ्या पिशवीत घेऊन त्याच्या कानांवरच्या गोचिडी चिमट्यानं काढायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. त्यांच्या पोटात तापाचे जंतू आहेत का, ते तिथे कळायचं.

इतकी वर्षं मुरलेला माणूस, पण वस्तीमागच्या उताराची पाळी आली नेमक्या त्याच दिवशी पठ्ठ्या घोरत पडला! पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. अकराही उंदीर पिंजऱ्यांत मरून ताठ झालेले. उंदीर गार पडला की गोचीड त्याच्या अंगावर थांबत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. पाहणी बाद, पुन्हा करावी, एवढंच लिहायचं होतं. पण साहेबांची बोलणी कोण खाणार? त्यानं लिहून टाकलं, 'गोचीड शून्य.'

उतार सुरक्षित ठरला. वहिनीनं विचारलं, "भाऊजी, सरपणाला जाऊ ना तिकडे?"

"बिनधास्त जा, वहिनी," हा म्हणाला.

आणि आता आठ दिवस वहिनी इस्पितळात तापानं फणफणत होती. आज तर तिनं त्याला ओळखलंही नाही.

डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या, "लक्षणं गोचिडीच्या तापाची वाटतात. पण त्या उतारावर तर गोचीडच नाही म्हणे."

"नाहीच मुळी!" दादानं याच्या खांद्यावर हात टाकला. "माझ्या धाकट्या भावानंच केलीय पाहणी. हा काय, समोर उभाय."

गप्प बसलं तर नोकरी वाचत होती, दादासमोर मानही वाचत होती. जात होती ती फक्त वहिनी. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर हासुद्धा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"ती पाहणी खोटी आहे, बाई," तो म्हणाला. "मी उशिरा गेलो. उंदीर मरून पडले होते, गोचिडी निघून गेल्या होत्या. मी शून्य लिहिलं."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, नर्सला हाक मारली आणि औषध बदललं. "आठ दिवस फुकट गेले," एवढंच बोलून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

दादाचा हात खांद्यावरून केव्हाच खाली आला होता. आता थोबाडीत बसणार म्हणून हा वाट बघत राहिला. बसली असती तर बरं वाटलं असतं. दादानं बायकोच्या कपाळावरची पट्टी काढली, पाण्यात बुडवून पिळली, परत ठेवली. वर न बघताच विचारलं, "अजून कुणाला सांगितलंस, बिनधास्त जा म्हणून?"

"सगळ्यांना, दादा. अख्ख्या वस्तीला."

"मग इथं माझं तोंड काय बघतोस?" दादा ओरडला. "पळ!"