टक

मिस्त्रीने शेवटचा स्क्रू आवळला, मशीनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घ्या. आता कुरकुर बंद."

मशीनने चेंडू फेकला. तो मागच्या जाळीत जाऊन निवांत पडला, मग भाचीची बॅट फिरली.

"पुन्हा," मामा म्हणाले.

पुन्हा तेच. वीस चेंडू गेले तरी तेच. गेल्या आठवड्यात याच मशीनचे शंभरातले एक्क्याण्णव चेंडू टोलवणारी मुलगी आता डास हाकलल्यासारखी बॅट फिरवत होती.

मामा बेसबॉलचे फलंदाज घडवत, आणि तेही पद्धतशीर. 'नजर ठेव आणि हाण' असं सांगणाऱ्या प्रशिक्षकांची त्यांना कीव यायची. त्यांनी एका फटक्याचे सतरा तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याचा वहीत वेगळा तक्ता होता. आधी खांबावर ठेवलेला चेंडू मारायचा, मग हळूच उडवलेला, मग मशीनचा. तीन वर्षं हेच चाललं होतं. भाचीच्या डाव्या टाचेबद्दल तिच्या आईला नसेल इतकी माहिती मामांकडे होती. सामन्यात मात्र तिच्या बॅटला चेंडू लागत नसे. मामा म्हणत, ताण येतोय, आणि मशीनचे आणखी शंभर चेंडू देत.

उद्या निवड चाचणी होती. एकोणीस पूर्ण झाल्यावर संघात घेत नसत, आणि पुढच्या महिन्यात तिला एकोणीस पूर्ण होणार होती. मामांनी ताईला शब्द दिला होता.

भाचीने हेल्मेट काढलं. "मामा, ते टक कुठं गेलं?"

"कसलं टक?"

"अहो, चेंडू सुटायच्या आधी व्हायचं ना, ते. टक झालं की मी पाय उचलते."

मामांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"आतली पट्टी सैल होती," मिस्त्री फुशारकीने म्हणाला. "कधीपासून वाजत होती?"

"तीन वर्षं."

"आणि तुम्ही ऐकत बसलात!"

मामांनी वही चाळली. सतरा तक्त्यांमध्ये टकला रकाना नव्हता.

"परत सैल करता येईल?"

मिस्त्रीने पेटीत ठेवलेला स्क्रूड्रायव्हर परत बाहेर काढला. "आवाज घालवायला सगळे बोलावतात, साहेब. घालायला बोलावणारे पहिलेच तुम्ही."

त्याने स्क्रू सैल केला. मशीन खर्र करू लागलं. टक काही परत आलं नाही.

"उद्या चेंडू टाकणारी पिचर टक करते का?" भाचीने विचारलं.

"माणूस आहे गं ती."

"हो, तेच म्हटलं," भाची म्हणाली आणि बॅटची मूठ उगाच पुसू लागली.

चाचणीत प्रत्येकीला पाच चेंडू मिळणार होते. निवड समितीच्या बाई जाळीमागच्या बाकावर बसल्या होत्या, फलंदाजापासून चार पावलांवर. मामा त्यांच्या शेजारी वही मांडीवर घेऊन बसले.

पहिला चेंडू गेला, मग बॅट गेली.

दुसऱ्याला मामांनी जीभ टाळूला लावली आणि टक केलं. चेंडू अजून पिचरच्या हातातच होता. भाचीने हवेत असा काही सुंदर फटका मारला की सतराही तक्ते भरून पावले असते.

"दातात काही अडकलंय का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही."

तिसऱ्याला मामांच्या तोंडाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. चौथ्याच्या आधी भाचीने मागे वळून पाहिलं. ताटकळलेल्या माणसाने रस्त्याच्या वळणाकडे पाहावं, तसं. मामांनी नजर खाली घातली. चौथाही गेला.

"पवित्रा छान आहे," बाई हळहळून म्हणाल्या. "पण टायमिंग अजिबातच नाही." पिचर पाचवा चेंडू टाकायच्या बेतात होती. बाईंनी गुडघ्यावरच्या यादीत भाचीचं नाव शोधलं आणि ते खोडायला अंगठ्याने पेनचं टोक दाबलं.

टक.

भाचीचा डावा पाय उचलला गेला. कंबर फिरली, मागून खांदे आले, आणि चेंडू कुंपणावरून, कुंपणापलीकडच्या पाण्याच्या टाकीवरून कुठेतरी निघून गेला. पिचर तिकडे बघतच राहिली.

बाई उभ्या राहिल्या होत्या. नाव खोडायला टेकवलेल्या पेनाने त्यांनी नावापुढे बरोबरची खूण केली, एकदा, आणि मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"बघितलंत? याला म्हणतात उपजत! हे शिकवून येत नाही."

"नाही येत," मामा म्हणाले.

भाचीने हेल्मेट काढलं होतं. ती मामांकडे बघून हसली आणि आपल्या जिभेकडे बोट दाखवून तिने अंगठा उंचावला. मामांनीही हात वर केला, अर्धाच.

मग त्यांनी वही मिटली.

"बाई," ते म्हणाले, "हे पेन कुठं मिळतं हो?"