काळ्या साराचा तिसरा वाडगा

फ्रेंचांच्या बाजूनं मॉस्कोच्या लढाईला निघताना ओनुफ्रीनं सालोमेयाला सांगितलं होतं, की येईन तो छातीवर पदक लावून, पांढऱ्या घोड्यावर बसून येईन. आला तो पायी. एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात कुणा मेलेल्या फ्रेंचाचा. घोडा पलटणीनं वाटेतच खाल्ला होता आणि त्यातला मोठा तुकडा आपणच हाणला, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तीही तलवारीनं नव्हे. थंडीत झोप लागली आणि सकाळी ती काळीठिक्कर.

एवढ्या भांडवलावर हा शहाणा फेब्रुवारीतल्या एका रविवारी भर दुपारी मागणी घालायला गेला. सालोमेयाचे वडील हिएरोनिम मोठे जमीनदार. ओनुफ्रीकडे गवती छपराचं घर आणि खानदानी आडनाव, बस्स. तिच्याशिवाय आपलं काही खरं नाही, एवढं मात्र त्याला मॉस्कोच्या बर्फात पक्कं कळलं होतं.

सालोमेया मेजापलीकडे बसली होती, डोळे सुजलेले. आनंदानं असतील, असं या बहाद्दराला वाटलं. तो भाषण सुरू करणार तोच वाफाळतं सार आलं, त्यात सुकवलेले पेअर तरंगत होते. चार महिने पोटात कावळे ओरडत होते. भाषण राहिलं बाजूला, गड्यानं वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि वर आणखी मागितलं.

दुसरा वाडगा संपत आला तेव्हा त्याची नजर साराच्या रंगावर गेली. काळं. बदकाच्या रक्ताचं. मुलीकडच्यांनी हे वाढलं की नकार समजायचा, चमचा खाली ठेवायचा आणि आपला घोडा मागवून निघायचं, हे नेमान नदीकाठच्या त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा नकार वाढून घेऊन खात बसला होता. मागवायला घोडाही नव्हता. त्याचे कान लाल झाले.

त्यानं सालोमेयाकडे पाहिलं. त्याच्या चमच्याकडे बघत ती मान हलवून ठेवू नको, ठेवू नको म्हणत होती.

"साहेब," तो हिएरोनिमना म्हणाला, "मॉस्कोपासून इथवर मी मागेच हटत आलोय. इथून हटायला आता जागा नाही." आणि त्यानं वाडगा पुढे केला.

सालोमेया उठली. भांडं तिरपं करून शेवटच्या थेंबापर्यंत सार तिनं त्याला वाढलं. तेही त्यानं संपवलं.

"बाबा, नकार संपला," ती म्हणाली.

"मग दुसरं बदक कापा," हिएरोनिम म्हणाले.

"दुसरं कुठून आणू? दोन्ही फौजांनी खुराडी साफ केली. हे एकच दडवलेलं होतं."

ओनुफ्री उभा राहिला. भाषणातला एक शब्द आठवेना. "मग मी पुन्हा विचारतो, साहेब," एवढंच तो म्हणाला.

हिएरोनिम बराच वेळ चमचा धरलेल्या त्या तीन बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी पावाची थाळी त्याच्यापुढे सरकवली.

"आधी हळू खायला शिका," ते म्हणाले. "माझ्या मुलीलाही काही उरलं पाहिजे."