वरून दिसलेली पट्टी

कुठल्या शेतात नांगरट झाली आणि कुठे काडीकचरा तसाच ठेवून पेरलंय, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखून ती नकाशे करायची. ऑफिसात तिचं नावच पडलं होतं नकाशेबाई.

त्या वर्षी ऐन मोसमात पावसाने तीन आठवडे दडी मारली. पडद्यावर एकेक शेत पिवळं पडत गेलं. एक तुकडा तेवढा हिरवा राहिला. त्याच्या शेजारचं शेत पिवळंच होतं, पण त्याच्या पार टोकाला, ओढ्याकडे, वीस मीटर रुंदीची एक हिरवी पट्टी होती.

"ओढ्याची ओल असेल," साहेब म्हणाले.

"ओढ्याने केली असती तर वाकडीतिकडी असती. ही सरळ आहे. माणसाचं काम वाटतंय. जाऊन बघते."

दोन्ही शेतं सख्ख्या भावांची निघाली. धाकटा चार वर्षं नांगर न लावता, मक्याच्या धसकटांतूनच पुढचं पीक पेरत होता. थोरला बांधावर उभा राहून रोज म्हणायचा, "अरे, झाडू आणून देऊ का?" ऐकणारे हसायचे. धाकटाही हसायचा, पण त्याला ते लागायचं.

नकाशेबाईने धाकट्याच्या शेतात शंभर गाठींची दोरी ताणली आणि वाकून मोजलं. बहात्तर गाठींखाली काडी सापडली, म्हणजे शंभरातली बहात्तर हिस्से जमीन झाकलेली होती. काडी बाजूला सारून तिने बोटं खुपसली. खाली माती गार होती, मऊ होती, आणि एक गांडूळ घाईघाईने आत पळालं.

एवढ्यात थोरला आणि थोरली वहिनीही बघायला आली. नकाशेबाईने टॅबलेटवर चित्र दाखवलं.

"हे हिरवं माझं?" धाकट्याने दोनदा विचारलं. मग त्याचं बोट पुढे सरकलं. "आणि ही पट्टी? हे तर दादाचं रान."

"मी जरा मोटार बघून येतो," थोरला म्हणाला.

"वीज कुठंय? कसली मोटार बघताय?" वहिनी म्हणाली.

सगळी वरात ओढ्याकडे निघाली. थोरला सगळ्यांच्या मागे रेंगाळत होता. पट्टीवर पोचल्यावर कुणाला काही विचारावं लागलं नाही. धसकटं उभी होती आणि त्यांच्यामधून पीक गुडघ्याच्या वर आलं होतं.

"दोन वर्षं झाली," थोरला मान खाजवत म्हणाला. "म्हटलं, करून तर बघू. घरापासून लांब आहे, कुणाला दिसणार नाही."

"आणि मला झाडू?" धाकटा म्हणाला.

"तो चालूच ठेवावा लागला. एकदम बंद केला असता तर तुला संशय आला असता."

वहिनीला इतकं हसू आलं की ती बांधावर बसलीच. धाकटा हसता हसता डोळे पुसू लागला. चार वर्षांत दादाने त्याला इतकं मोठं बक्षीस दिलं नव्हतं.

"पुढची पेरणी सगळी तूच करून दे," थोरला हळूच म्हणाला. "तुझ्याच यंत्राने. माझ्याकडून ओळी नीट येत नाहीत."

"दिसतंय ते," धाकटा म्हणाला.

परत फिरताना थोरल्याने नकाशेबाईला बाजूला घेतलं. "बाई, वरून माणसंही दिसतात का हो?"

"नाही. या चित्रात एकेक ठिपकाच दहा मीटरचा असतो."

"बरं झालं," तो म्हणाला. "मी रोज संध्याकाळी इथे येऊन किती वेळ उभा असतो, ते हिला कळलं असतं."